कोकण नसलेला नकाशा

आमच्या वर्गाचा फळा म्हणजे भिंतीलाच फासलेला काळा रंग,
अन् डावीकडचा पोपडा वीतभर गळून पडलेला.
भोयर सर महाराष्ट्र काढायचे एका दमात,
गोंदियापासून, सातपुड्याच्या कडेकडेनं,
खडू न उचलता.
पश्चिमेला आले की खडू विटेवर खरखरायचा, थांबायचा,
अन् खूप खाली, सावंतवाडीशी, पुन्हा सुरू व्हायचा.
मधल्या उघड्या विटांवर हात ठेवून सर म्हणायचे,
‘इथं समुद्र आहे. समजून घ्या.’

आम्ही समजून घेतला.
दहावी ब, एकेचाळीस जण, साल अठ्ठ्याऐंशी.
शेख रईसनं तेवढं विचारलं, ‘सर, अडाणच्या पुरापेक्षा मोठा?’
सरांनी जरा विचार केला.
‘पूर ओसरते, रईस. हा नाही ओसरत.’

पंजाब डाखोरे तिसऱ्या बाकावर.
‘पंजाब कुठं आहे?’ विचारलं की वर्गाची सगळी बोटं त्याच्याकडे,
अन् तो उभा राहून, ‘हजर सर.’
सर हसत नसत. फळ्याकडे तोंड करत,
सदऱ्याची पाठ मात्र बराच वेळ हलत राही.
पुढं तो ट्रकवर गेला. लुधियान्याहून शाळेच्या पत्त्यावर
एक पोस्टकार्ड आलं म्हणतात, एकाच शब्दाचं:
पोचलो.

दिवाळीनंतर पोरींचे बाक रिकामे व्हायचे.
आम्ही पऱ्हाटीत असायचो, कमरेला ओटी बांधून,
किलोमागे आठ आणे.
एक दिवस धुऱ्यावर सायकल टेकलेली दिसली.
सर आत आले नाहीत, रागावलेही नाहीत,
तिथूनच ओरडले,
‘पैनगंगेच्या उपनद्या!’
कुठल्याशा तासातून सुषमा खोब्रागडेचा आवाज आला, ‘पूस!’
‘अरुणावती!’ मी, बोंडानं ओरबाडलेलं बोट चोखत.
‘अडाण!’ वत्सला, अगदी पलीकडून,
तिचं तर डोकंही दिसत नव्हतं.
वेचणं कोणीच थांबवलं नाही.
मालकीण म्हणाली, ‘मास्तर येडा हाये काय वं?’
त्या दिवसाच्या हजेरीपटावर
आम्ही तिघी हजर आहोत. अजूनही असू,
वाळवी लागली नसेल तर.

निरोपाच्या दिवशी, केळं अन् चिवडा खाताना,
कुकडे बाईंनी चिडवलं तेव्हा कळलं,
सरांनीही समुद्र पाहिला नव्हता.

मी पाहिला एक्कावन्नाव्या वर्षी. पोरीची बदली रत्नागिरीला.
चपला हातात घेऊन वाळूत उभी राहिले
अन् पहिलं मनात आलं ते हे, की विटा कुठं गेल्या.
संध्याकाळपर्यंत तिथंच बसून होते.
पाणी मागं मागं गेलं, होड्या चिखलात कलंडल्या.
सर, हा ओसरतो.

आता हे सांगायचं कोणाला?
सरांना जाऊन नऊ वर्षं झाली.
सुषमाला फोन लावला, दारव्ह्याला,
मागं तिच्या कुकरची शिट्टी.
फोन लाटांकडे धरला.
‘ऐकू येते?’
‘ट्रक गेल्यावानी वाटते,’ ती म्हणाली. ‘पंजाबचा असन.’
हसून हसून झालं, मग तिचा आवाज एकदम करडा,
‘अन् तू थ्या समुद्राजवळ काय करून राह्यली वं?
आपलं पाणी तिकडं जातच नाही.
अडाण पैनगंगेत. पैनगंगा वर्धेत.
वर्धा?’

मी वाळूत बसले होते,
ती उठून उभी राहिले.
पदराची वाळू झटकली.
‘वैनगंगेला मिळून प्राणहिता,’ म्हटलं, ‘पुढं गोदावरी.’
‘बस खाली,’ सुषमा म्हणाली.